बादली किती किलोची?

कमरेत उसण भरल्याच्या गोष्टी नीट ऐकल्या, तर एक गंमत लक्षात येते. त्यातली क्वचितच एखादी व्यायामशाळेत घडलेली असते. कोणाला न्हाणीघरात उसण भरते, कोणाला माळ्यावरची बॅग काढताना, कोणाला दिवाळीच्या साफसफाईत गादी उलटताना. “काही नाही हो, नुसती बादली उचलली,” असं सांगताना माणूस थोडा ओशाळतोही. पण त्या नुसत्या बादलीचं वजन आपण कधी मोजलेलं नसतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १५ लिटरची बादली काठोकाठ भरली की १५ किलो झाले. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजनही जवळपास तेवढंच, म्हणजे भरलेलं सिलिंडर ३० किलोच्या आसपास जातं. शिवाय दळणाचा डबा आहे, भाजीची पिशवी आहे आणि ‘कडेवर घे’ म्हणून हात पसरणारं नातवंड आहेच.

साठी उलटली की घरचे बजावू लागतात, “आता जड काही उचलायचं नाही हं.” सल्ला मायेचा असतो, पण पाळला जात नाही, कारण तो पाळता येण्यासारखाच नसतो. जमिनीवर बसून उठणं हेसुद्धा वजन उचलणंच आहे. तिथे उचलायचं असतं ते स्वतःचं साठ-सत्तर किलोचं शरीर. तेव्हा म्हातारपणी वजन उचलावं की नाही, हा वादच फोल आहे. आपण ते रोज उचलतोच. बिनतयारीने, वाकड्या अंगाने, झोपेतून उठल्या-उठल्या उचलायचं की अंगाला आधी सवय लावून, एवढंच आपल्या हातात असतं.

आधी त्या बादलीचाच हिशेब मांडू. कणा आणि त्याच्या मागचे स्नायू यांची मिळून एक तरफ होते. हे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवरून ओढत असतात. गुडघे ताठ ठेवून, हात लांब करून बादली उचलली, तर ती कमरेपासून सुमारे ४० सेंटिमीटर पुढे असते. अंतर आठपट झालं. म्हणून १५ किलोच्या बादलीसाठी पाठीच्या स्नायूंना सुमारे १२० किलोचा जोर लावावा लागतो. पुढे झुकलेल्या छाती-डोक्याचा भार आणखी वेगळा. तीच बादली आधी पायांशी ओढून घेतली आणि अंतर २० सेंटिमीटरवर आणलं, की बादलीपुरता जोर थेट निम्मा होतो. बादली तेवढीच, माणूसही तोच. वजन उचलण्यातला धोका आकड्यापेक्षा असा अंतरात, घाईत आणि सवय नसण्यात दडलेला असतो. या तिन्हींवर उपाय आहे.

स्नायूंची ओहोटी

तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वजनकाट्यावर ते कळत नाही, कारण स्नायू गेले त्या जागी चरबी येऊन बसते. ताकद तर स्नायूंपेक्षाही लवकर उतरते. या झिजेला १९८९ साली अमेरिकी संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी ‘सार्कोपेनिया’ असं नाव दिलं. ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे उणीव, असे दोन ग्रीक शब्द त्यात आहेत. २०१६ साली अमेरिकेतल्या रोगांच्या अधिकृत यादीत त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला. तोवर ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलेली ही गोष्ट त्यानंतर निदान आणि उपचारांचा विषय झाली.

स्नायूंत ढोबळमानाने दोन जातींचे तंतू असतात. एक संथ, दमदार. तासभर चाललं तरी न थकणारे. दुसरे चपळ, जोर मोठा, पण लवकर थकणारे. वयाबरोबर आधी बारीक होतात ते चपळ तंतू. त्यांना हुकूम देणाऱ्या मज्जारज्जूतल्या काही चेतापेशी मरतात आणि त्यांच्या ताब्यातले तंतू पोरके होतात. शेजारची एखादी चेतापेशी त्यांतल्या काहींना दत्तक घेते, पण ती बहुतेकदा संथ जातीची असल्याने तेही संथ होतात. उरलेले झिजून जातात. ओल्या फरशीवर पाय सटकला की पडण्याआधी पाय पुढे टाकून तोल सावरायला अर्धा सेकंदही मिळत नाही, आणि तेव्हा नेमके हेच चपळ तंतू लागतात.

“मी रोज सकाळी पाच किलोमीटर चालतो, मला आणखी व्यायाम कशाला?” या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. चालणं हृदयाला, साखरेला, मनाला उत्तमच. पण शरीर मोठं काटकसरी आहे. हलक्या कामाला ते संथ तंतूच पाठवतं. चपळ तंतूंना बोलावणं जातं ते भार जड झाला किंवा हालचाल झपाट्याने करायची असली, तरच. ज्यांना वर्षानुवर्षं बोलावणंच गेलं नाही, ते ऐन वेळी कसे येतील? म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगितला, त्याच्या जोडीला निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आणि तोल व ताकद एकत्र साधणारे व्यायाम तीन दिवस करावेत असंही म्हटलं.

आपण कुठे आहोत हे पाहायला एक खुर्ची पुरते. हात नसलेली, साधारण गुडघ्याएवढ्या उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर दुमडा आणि पाच वेळा पूर्ण उठून पुन्हा बसा. कोणाला तरी घड्याळ लावायला सांगा. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली ठरवलेल्या निकषांनुसार याला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर स्नायूंच्या कामात उणीव आहे असं समजून पुढची तपासणी करावी. हा आकडा घाबरून जाण्यासाठी नाही. तीन महिन्यांनी त्याच खुर्चीवर पुन्हा मोजण्यासाठी आहे.

नव्वदीतले विद्यार्थी

“पण या वयात स्नायू वाढतात का?” याचं उत्तर १९९० साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरातून आलं. मारिया फियातारोन या डॉक्टरांनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांना मांडीच्या स्नायूंचा व्यायाम दिला. सरासरी वय ९०. माणसं धडधाकट नव्हती. अशक्त होती, जुनी दुखणी घेऊन जगणारी होती. दिलेलं वजनही लुटुपुटीचं नव्हतं. ज्याला जे जास्तीत जास्त वजन एकदा उचलता येईल, त्याच्या सुमारे ८० टक्के वजन, आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे. नऊ जणांनी अभ्यास पूर्ण केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीच्या मधल्या भागातले स्नायू ९ टक्क्यांनी.

या दोन आकड्यांमधली तफावत बोलकी आहे. स्नायू जेवढा फुगला त्याच्या कितीतरी पट ताकद वाढली, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत शिकते ती मुख्यतः चेतासंस्था. झोपलेल्या तंतूंना एकाच वेळी कसं उठवायचं, हे तिला नव्याने जमायला लागतं. चार वर्षांनी, १९९४ मध्ये, याच गटाने शंभर जणांवर मोठा अभ्यास केला. सरासरी वय ८७. दहा आठवड्यांत व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, चालण्याचा वेग सुमारे १२ टक्क्यांनी आणि जिना चढण्याची शक्ती २८ टक्क्यांनी. काहींना व्यायामाऐवजी नुसतं पोषक पेय दिलं होतं. त्याने ताकदीत फरक पडला नाही. टॉनिकच्या बाटलीवर विसंबणाऱ्या प्रत्येक घराने ही ओळ लक्षात ठेवावी.

उलट दिशेचाही एक पुरावा आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठीपुढच्या बारा निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो स्नायू गेले. दवाखान्यातून घरी आलेल्या आईला किंवा बाबांना “आता महिनाभर पूर्ण आराम” असं सांगताना हे आठवावं. डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल, तर पलंगाच्या कडेला बसून पाय सरळ करणं आणि आधाराने उठणं-बसणं लवकर सुरू झालेलं बरं.

चढत्या भाराचा नियम

वजन कसं वाढवावं, याचा शिस्तशीर नियम एका लष्करी रुग्णालयात घडला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत शिकागोच्या गार्डिनर रुग्णालयात जायबंदी सैनिकांची रीघ लागली होती. गुडघ्याच्या दुखापतीनंतर पाय जपून, हलक्या हालचालींनी महिनोन्‌महिने बरा करायचा, ही तेव्हाची रीत. तिथले तरुण डॉक्टर थॉमस डीलॉर्म लहानपणी संधिवाताच्या तापाने अंथरुणाला खिळले होते आणि नंतर वजनं उचलूनच उभे राहिले होते. त्यांनी सैनिकांना जड वजनं द्यायला सुरुवात केली; पण मोजून. दहा वेळा उचलता येईल इतकंच वजन, आणि ते सोपं झालं की थोडं आणखी. १९४५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे पद्धत आटोपशीर होत गेली ती दहा-दहाच्या तीन सेटपर्यंत: पहिला निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊण आणि तिसरा पूर्ण. आज गल्लीतल्या जिममध्येही ‘दहाचे तीन’ म्हणतात, त्याचं मूळ त्या रुग्णालयात आहे.

आपल्या तालमींना ही गोष्ट वेगळ्या भाषेत ठाऊक होतीच. जोर-बैठका रोज थोड्या वाढवायच्या, मुद्गल आधी हलकं फिरवायचं, आणि पोराने आव आणून जड जोडीला हात घातला की वस्तादांनी डोळे वटारायचे. मात्र एक फरक विसरू नये. तिथला वस्ताद विशीच्या पोराला घडवत असतो. तरुणपणी पाचशे बैठका मारलेल्या माणसाने चाळीस वर्षांच्या खंडानंतर त्याच आकड्यापासून सुरू करणं हे दुखापतीला आमंत्रण आहे. स्नायूंना जुनी आठवण राहते हे खरं. पण स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा सावकाश बळावतात. स्नायू आधी तयार होतो आणि कंडरा मागे राहते. खांदा, कोपर, टाच इथली बरीच दुखणी या दोघांच्या चालीतल्या फरकातून येतात.

आधी डॉक्टर, मग डंबेल

रक्तदाब औषधांनी ताब्यात आहे, मधुमेह आहे, गुडघे थोडे झिजलेत, पूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे, यांपैकी एकही कारण वजनांपासून कायमचं दूर ठेवणारं नाही. उलट अशांना त्याचा फायदाच होतो. पण डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. विश्रांतीतही रक्तदाब १८०/११० च्या वर जात असेल, थोड्या श्रमाने किंवा बसल्या-बसल्याही छातीत दुखत असेल, हृदय निकामी होण्याचा त्रास ताब्यात नसेल, हृदयाच्या महाधमनीची झडप फार अरुंद झाली असेल, तर आधी उपचार. मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यात नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवल्या असतील, तर नेत्रतज्ज्ञांची परवानगी हवी. जोराने कुंथण्याने त्या फुटू शकतात. हर्निया असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा बायपासनंतर छातीचं हाड अजून सांधलेलं नसेल, तर थांबावं.

औषधांचीही नोंद ठेवावी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी फारशी वाढत नाही, म्हणून मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांवरून श्रम मोजणं फसवं ठरतं. काही गोळ्यांमुळे झोपून एकदम उठताना भोवळ येते. आडवं होऊन केलेल्या व्यायामानंतर आधी बसावं, मग उभं राहावं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी वजनं उचलू नयेत आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी.

पाच कामं, पाच हालचाली

जिममधल्या यंत्रांची रांग बघून गोंधळून जायचं कारण नाही. घरातल्या कामांत शरीर मुख्यतः पाचच गोष्टी करत असतं.

पहिली, बसणं-उठणं. ती परीक्षेची खुर्चीच इथे साधन होते. पाय खांद्यांच्या रुंदीएवढे, छाती पुढे, टाचांवर दाब देऊन उठायचं आणि बसताना धपकन न बसता तीन आकडे मोजत खाली जायचं. खाली जाताना आवरून धरण्यातच निम्मी मेहनत आहे. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून ती उंच करावी. सोपं झालं की उशी काढावी, मग छातीशी दोन-तीन किलोची पिशवी धरावी.

दुसरी, खालून उचलणं. इथे पाठ वाकवायची नाही, खुब्यातून वाकायचं. भिंतीकडे पाठ करून, वीतभर पुढे उभं राहा आणि गुडघे थोडे सैल सोडून पार्श्वभाग मागच्या भिंतीला टेकवायचा प्रयत्न करा. पाठ सरळ राहते आणि मांड्यांच्या मागे ताण जाणवतो. ही घडी बसली की मग स्टुलावर ठेवलेली पिशवी अंगालगत धरून उचलायची. जमिनीवरून उचलणं ही पुढची पायरी.

तिसरी, ढकलणं. भिंतीवर हात टेकवून जोर मारायचे. भिंतीवरून स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणि तिथून भक्कम टेबलावर उतरायला काही महिने लागले तरी हरकत नाही. चौथी, ओढणं. रबरी पट्टा खिडकीच्या मजबूत गजाला अडकवून कोपरं मागे ओढायची, खांद्यांची दोन्ही पाती जवळ आणायची. पुढे झुकलेल्या खांद्यांना याचीच खरी गरज असते. पाचवी, वाहून नेणं. दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन, ताठ मानेने, घरातल्या घरात चालायचं. मूठ, खांदे, पोट, पाय, तोल, सगळ्यांना एकदम काम.

जिमला जाणाऱ्यांसाठी सुरुवातीला यंत्रं बरी. त्यात वजनाची वाट ठरलेली असते आणि ते अंगावर पडत नाही. नंतर डंबेलकडे वळावं, कारण घरातल्या बादलीला कोणी रूळ घालून देत नाही. प्रशिक्षक निवडताना एक गोष्ट पाहावी: तो तुमच्या औषधांबद्दल आणि जुन्या दुखण्यांबद्दल विचारतो का? पहिल्याच दिवशी वजन वाढवायचा आग्रह धरणाऱ्याला लांबूनच नमस्कार करावा.

किती, आणि कधी वाढवायचं?

आठवड्यातून दोन दिवस पुरेत, मध्ये निदान एक दिवस सुट्टी. आधी पाच-दहा मिनिटं जागच्या जागी चालून, हातपाय हलवून अंग गरम करायचं. पहिला महिना फक्त रीत शिकण्याचा: हलकं वजन, १० ते १५ वेळा, एक किंवा दोन सेट, दोन सेटमध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती.

वजन योग्य आहे का, हे शरीरालाच विचारावं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रम स्वतःच्या जाणिवेवरून मोजण्याची पट्टी तयार केली. तिच्या शून्य ते दहा या प्रकारात शून्य म्हणजे काहीच कष्ट नाहीत आणि दहा म्हणजे आता यापुढे शक्य नाही. नवख्याने पाच-सहावर राहावं, मुरलेल्याने सात-आठवर. सेट संपला तेव्हा ‘आणखी दोन-तीन वेळा नक्की जमलं असतं’ असं वाटलं, तर वजन बरोबर. आणखी दहा वेळा जमलं असतं, तर आपण नुसते हात हलवत होतो. शेवटच्या एक-दोन वेळी पाठ वाकडी झाली किंवा झटका द्यावा लागला, तर वजन जास्त आहे.

दोन सलग खेपांत १५ वेळा आरामात जमलं, की मग वाढवायचं. तेही अर्धा-एक किलोने. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी: वजन, आवर्तनं किंवा सेट. ताप, जुलाब, लग्नघरची दगदग, दोन आठवड्यांचा प्रवास यांनंतर एक पायरी खाली उतरून सुरू करावं. यासाठी एक वही हवी. तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा, कसं वाटलं. आठवणीवर विसंबलं की माणूस हमखास आपला चांगला दिवस लक्षात ठेवतो आणि वाईट दिवशी तोच आकडा उचलायला जातो.

श्वास धरू नका

१९८५ साली कॅनडातल्या संशोधकांनी पाच तरुण शरीरसौष्ठवपटूंच्या दंडाच्या धमनीत नळी घालून, ते दोन्ही पायांनी जड यंत्र रेटत असताना रक्तदाब मोजला. सरासरी शिखर ३२०/२५० निघालं. एकाचा तर ४८०/३५० च्याही वर गेला. हे जास्तीत जास्त वजनाला, अगदी दमेपर्यंत रेटताना घडलं. वाढ इतकी होण्यामागे श्वास कोंडून कुंथण्याचा मोठा वाटा होता. श्वास कोंडला की छाती-पोटातला दाब वाढतो आणि तो रक्तदाबावर चढतो; सोडला की एकदम घसरतो, तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येते.

तरुण, निरोगी धमन्या हे सहन करतात. सत्तरीतल्या धमन्यांची परीक्षा कशाला बघा? जोर लावताना श्वास सोडायचा, परत येताना घ्यायचा. लक्षात राहत नसेल, तर जोर लावताना मोठ्याने आकडे मोजावेत. बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही. मूठही गरजेपेक्षा जास्त आवळू नये. छातीत दाटून आलं, जबडा किंवा हात दुखू लागला, भोवळ आली, धडधड अनियमित वाटली, की वजन खाली ठेवायचं आणि बसायचं. ‘एवढा सेट संपवतो’ हा शब्द अशा वेळी काढू नये. लक्षणं ओसरली नाहीत तर थेट रुग्णालय गाठावं.

हाडांना ऐकू येणारी हाक

रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडं झपाट्याने विरळ होतात. अशा बायकांना आजवर ‘जपून राहा’ एवढंच सांगितलं गेलं. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाने या समजुतीला धक्का दिला. हाडांची घनता कमी झालेल्या १०१ स्त्रिया, सरासरी वय ६५. एका गटाला घरी हलका व्यायाम. दुसऱ्याला आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली जड वजनं. आठ महिन्यांनी जड वजनांच्या गटात कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली, हलक्या गटात १.२ टक्क्यांनी घटली. दुखापत झाली ती एकच: एकीच्या कमरेत किरकोळ उसण. इथला बारकावा मात्र निसटू देऊ नये. पहिला महिनाभर या स्त्रिया बिनवजनाने किंवा हलक्या वजनाने रीत शिकल्या होत्या, आणि शेवटपर्यंत त्यांच्यावर जाणकाराची नजर होती. यूट्यूबवर बघून घरी जड डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) करणं म्हणजे हा प्रयोग नव्हे.

विरळ हाडांना काय चालत नाही, हेही ठाऊक आहे. १९८४ साली अमेरिकेत पाठीची हाडं ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींचे मणके नव्याने दबले. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होतं. अभ्यास लहान असला तरी इशारा ठळक आहे. मणके ठिसूळ असतील, तर पायाच्या अंगठ्याला नाक लावण्याचा हट्ट, पोटासाठी पुनःपुन्हा उठून बसणं, वजन हातात घेऊन वाकणं आणि त्याच वेळी वळणं टाळावं. वळायचं असेल तर पाय उचलून वळावं. कंबर पिळू नये.

ठणका आणि चमक

नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबतं. दोन्ही बाजूंना सारखं, स्नायूंच्या मध्यभागी, हालचाल केली की कमी होणारं दुखणं. ते येतं आणि जातं. चमक वेगळी: एका जागी बोट ठेवून दाखवता येते, सांध्यात असते, टोचते, रात्री झोपमोड करते, पायात मुंग्या आणते. ठणका सोसावा, चमकेला मान द्यावा. झिजलेल्या गुडघ्यांनाही हा नियम लागू. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत झालं, तर चालू ठेवावं; सूज आली किंवा दुखणं वाढतच गेलं, तर वाकण्याची खोली किंवा वजन कमी करावं आणि फिजिओथेरपिस्टला दाखवावं.

शेवटी ताटाकडे. म्हातारपणी स्नायूंना प्रथिनांची हाक कमी ऐकू येते, म्हणून थोडं जास्त द्यावं लागतं. २०१३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने पासष्टीपुढच्यांसाठी दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवली. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. आता आजी-आजोबांचं रात्रीचं जेवण आठवा: कपभर दूध नि पोळीचा तुकडा, नाहीतर मऊ भात आणि पातळ वरण. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम प्रथिनं, मोठ्या पेलाभर दुधात आठ, एका अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. वरण घट्ट करा, संध्याकाळच्या चहाबरोबर खारीऐवजी उकडलेले हरभरे घ्या, खात असाल तर अंडी-मासे नियमित ठेवा, आणि सगळं एकाच जेवणात न कोंबता तिन्ही वेळांत वाटा. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

तीन महिने हे सारं केल्यावर आरशात फारसं काही दिसणार नाही. वहीत दिसेल: खुर्चीवरचे १४ सेकंद ११ वर आले, पिशवी दोन किलोंवरून पाचवर गेली. आणि न्हाणीघरात एक छोटा बदल झालेला असेल. बादली आता काठोकाठ भरली जाणार नाही. दोन बादल्या अर्ध्या-अर्ध्या भरल्या जातील, पायांशी ओढल्या जातील, गुडघे मोडून, श्वास सोडत, एकेका हातात एकेक उचलल्या जातील. दोन्ही हातांत सारखं वजन, ताठ पाठ, हळू पावलं. पाचवा व्यायाम, रोज सकाळी, फुकट.